गाडी इयानची, हात जिमचे

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सरहद्दीजवळ, बर्विकशायरमध्ये एडिंग्टन मेन्स नावाचं मोठं शेत आहे. क्लार्क कुटुंब 1942 मध्ये तिथे राहायला आलं. घरात चार मुली आणि त्यांच्या पाठीवरचा एकच मुलगा, जिम. मेंढरं, गुरं आणि ट्रॅक्टर यांच्यात तो वाढला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो शेतावर कामाला लागला. पुढे शेत तोच बघणार, हे घरात सगळे धरूनच चालले होते. त्याला गाड्यांचा नाद होता. पण मोटारशर्यती म्हणजे जिवाशी खेळ, आणि तो आईवडिलांना मुळीच पसंत नव्हता.

हाच जिम 1963 आणि 1965 साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. 72 शर्यतींत 25 विजय. 7 एप्रिल 1968 रोजी जर्मनीत हॉकेनहाइमच्या शर्यतीत तो गेला, तेव्हा त्याचं वय अवघं 32 होतं. त्याची आठवण निघाली की लोक त्या जगज्जेतेपदांबद्दल बोलतात. मला त्याआधीची चार वर्षं सांगायची आहेत, कारण त्यांत आणखी एक माणूस आहे आणि तो नसता तर जिम शेतावरच राहिला असता, असं मला मनापासून वाटतं.

इयान स्कॉट वॉटसन हाही शेतकरीच, त्याच मुलखातला. गाड्यांवर जीव, गाठीला थोडा पैसा आणि स्वतः शर्यतीत उतरायची हौस. जून 1956 मध्ये तो आपली डीकेडब्ल्यू गाडी घेऊन स्कॉटलंडच्या ईशान्येला क्रिमंडला गेला. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर तेव्हा शर्यती होत. क्रिमंड त्यांतलंच एक. जिम मदतीला सोबत गेला होता. इयानने त्याला आपल्या गाडीत बसवलं आणि फेऱ्या मारायला सांगितलं.

घड्याळ इयानच्या बाजूने नव्हतं. गाडी तीच, रस्ता तोच, आणि जिम दर फेरीला त्याच्यापेक्षा सुमारे तीन सेकंदांनी पुढे. शर्यतीत तीन सेकंद म्हणजे केवढं अंतर! आपल्या पैशाने घेतलेल्या गाडीत, आपल्याच मित्राने, पहिल्याच दिवशी आपल्याला मागे टाकावं, हे पचवणं सोपं नाही. अशा वेळी माणूस टायरला दोष देतो, वाऱ्याला देतो, नाहीतर चावी खिशात घालून घरी जातो. इयानने यातलं काही केलं नाही. आपल्याला जे येतं ते हौसेपुरतं आहे आणि या मुलाला जे येतं ते फार मोठं आहे, हे त्याने त्याच दिवशी ओळखलं. जिमला स्वतःला अजून ते ठाऊकही नव्हतं. तो तर गाडी जपून चालवत होता, मित्राची म्हणून.

इयानने पुढे पोर्शे घेतली, तीही जिमच्या हाती दिली, आणि जिम जिंकू लागला. मग चर्नसाइडचे गॅरेजवाले जॉक मॅकबेन पुढे आले. त्यांचा ‘बॉर्डर रीव्हर्स’ हा संघ गावकऱ्यांचाच. सरहद्दीवर पूर्वी धाडी घालणाऱ्या घोडेस्वारांचं नाव त्याला दिलेलं. या संघाने 1958 साठी जॅग्वार डी-टाइप घेतली. ही गाडी म्हणजे त्या काळातल्या ब्रिटनचा मानबिंदू. ल मांची 24 तासांची शर्यत या गाड्यांनी 1955 ते 1957 अशी सलग तीन वर्षं जिंकली होती. आणि ती दिली कोणाला, तर बावीस वर्षांच्या शेतकऱ्याला. यॉर्कशायरमधल्या फुल सटनच्या धावपट्टीवर त्याने ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने फेरी मारली. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये स्पोर्ट्स कारने हे पहिल्यांदाच केलं होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात संघ बेल्जियमला स्पाला गेला. झाडांमधून, घरांजवळून जाणारा तो चौदा किलोमीटरचा भयानक वेगवान रस्ता जिमने कधी पाहिलाही नव्हता. त्या शर्यतीत लिस्टर-जॅग्वार चालवणारा आर्ची स्कॉट ब्राउन जळून जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. स्पाची धास्ती जिमच्या मनातून पुढे कधीच गेली नाही, तिथे ओळीने चार ग्रां प्री जिंकूनही.

म्हणूनच त्या वर्षीच्या शरदातली गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. इयानच्या मनात लोटस कंपनीची फॉर्म्युला टू गाडी घ्यायचं होतं. ब्रँड्स हॅचला जिमने ती चालवून पाहिली. त्यानंतर लोटसचा चालक ग्रॅहम हिल त्याच गाडीतून निघाला आणि तिचं चाक निखळलं. जिमने या गाडीला साफ नकार दिला. इयानने त्याला भित्रा म्हटलं नाही, की हट्ट धरला नाही. त्याने बेत बदलला आणि लोटसचीच छोटी एलिट घेतली. हिचा सांगाडाच फायबरग्लासचा, इंजिन जेमतेम सव्वा लिटरचं. हुशार मुलाला पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात. त्याचं ‘नाही’ ऐकून घेणारे थोडे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ब्रँड्स हॅचलाच, जिम या एलिटमध्ये पहिल्यांदा शर्यतीत उतरला. समोर दुसऱ्या एलिटमध्ये खुद्द कॉलिन चॅपमन, लोटसचा जनक. जिम त्याच्याशी अखेरपर्यंत झुंजला, मागे पडलेल्या एका गाडीने वाट अडवली आणि दुसरा आला. हा मुलगा कोण, हे चॅपमनने त्या दिवशी नीट पाहून ठेवलं.

1959 मध्ये बॉर्डर रीव्हर्सने एलिट ल मांला नेली. जॉन व्हिटमोरच्या जोडीने जिम दहावा आला. 6 जून 1960 रोजी हॉलंडमध्ये झांडव्होर्टला तो चॅपमनच्या लोटसमधून पहिली ग्रां प्री धावला. आता त्याला गावच्या संघाची गरज उरली नव्हती. तरी त्याच महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा ल मांला हजर झाला, बॉर्डर रीव्हर्सच्या ॲस्टन मार्टिनमध्ये, जोडीला रॉय साल्वाडोरी. बर्विकशायरचा तो गावकऱ्यांचा संघ दोन फेरारींच्या मागोमाग तिसरा आला.