शेवटापासून आरंभ

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपीसारख्या कसलेल्या प्रतिस्पर्धिनीस नमवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक आणि त्याबरोबरच ग्रँडमास्टर हा किताब संपादन केला, तेव्हा आनंदाश्रू आवरल्यावर, डावाचा अंत्यभाग आपल्याला अजून शिकायला हवा, असे तिनेच सांगितले. माजी जगज्जेता कापाब्लांकाही अभ्यासाचा आरंभ अंत्यभागापासूनच करावा, याच मताचा होता.

वढू बुद्रुक गावच्या एखाद्या ओसरीवर नुकताच पट मांडू लागलेला मुलगा असो, की तालुक्याची स्पर्धा जिंकलेला खेळाडू, अभ्यासाची आखणी करताना त्याने प्रथम पट जवळजवळ रिकामा करावा: एकीकडे राजा व प्यादे, दुसरीकडे एकटा राजा. आपला राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या पट्टीवर पोचला, की कडेचे प्यादे वगळता, चाल कोणाचीही असो, अचूक खेळणाऱ्याचा विजय ठरलेला. आणि हे ज्याने स्वतः पडताळले, त्यालाच ऐन डावात मोहऱ्यांची अदलाबदल केव्हा करावी, हे उमगते. प्रारंभीच्या चालींचे पाठांतर त्यानंतर. बहुतेक मंडळी नेमके उलट करतात, याचे मला नवल वाटते. उरलेला वेळ हरलेल्या डावांच्या दफ्तरास द्यावा, आणि पहिली चूक कितव्या चालीला झाली, एवढी नोंद संगणकाला विचारण्यापूर्वी स्वहस्ते करावी.