घरचा आणि गावचा

आमच्या नवापूरच्या बाजूस, रंगावलीच्या काठच्या गावांत, कोणी पोक्त व परोपकारी गृहस्थ निवर्तला म्हणजे मातीच्या वेळी त्याच्याविषयी दोन गोष्टी हटकून बोलल्या जातात. एक ही की, तो बायकामुलांस फार जपणारा होता. दुसरी ही की, गावच्या कामास त्याने जन्मात कधी नाही म्हटले नाही. विहिरीचा गाळ काढणे असो, शाळेच्या पत्र्यांसाठी वर्गणी जमवणे असो, की कोणाच्या आजारी माणसास अपरात्री चिंचपाड्याच्या दवाखान्यात पोचवणे असो, तो सर्वांच्या पुढे. ह्या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात व ऐकणारे माना डोलवितात. प्रिय वाचकहो, ह्या दोन्ही एका मनुष्याच्या ठायी खरोखर एकत्र नांदतात काय, आणि नांदत असल्यास त्याचा खर्च कोणाच्या पदरातून होतो, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कारण दिवसाचे तास सर्वांस सारखेच. भाताच्या लावणीच्या दिवसांत जो पुरुष पंचायतीच्या कामास तीन दिवस तालुक्याला जातो, त्याच्या शेतात चिखलामध्ये त्याची बायको वाकलेली असते. तो दिलेला वेळ त्याचा एकट्याचा होता काय? मजुरीतून त्याने दिलेला रुपया त्याचा एकट्याचा होता काय? दुसऱ्याच्या कणगीतील दाणे काढून भिकाऱ्यास घातले तर त्यास कोणी दान म्हणत नाही. मग बायकोच्या श्रमाने उभा राहिलेला संसार तिला न विचारता वाटून टाकणे, ह्यास काय म्हणावे? कित्येक म्हणतात की, ज्यास लोकसेवा करावयाची त्याने संसारच करू नये. तसे करणारे थोर पुरुष होऊन गेले, हे खरे. परंतु तो मार्ग आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा नव्हे. आमच्या खेड्यांची कामे आजवर बायकामुलांच्या धन्यांनीच चालविली आहेत.

ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटते. कारण त्यात केवळ त्यांचीच साक्ष नाही, त्यांच्या पत्नीचीही आहे. अण्णा कर्वे १८५८ साली जन्मले. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्यावर त्यांनी १८९३ साली पुण्यास एका विधवेशी विवाह केला. ही विधवा म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्यांचे नाव आनंदीबाई झाले. घरी व लोकांत त्यांस बाया म्हणत. विवाहानंतर नवराबायको कोकणात मुरूडास गेली, तेव्हा गावाने त्यांस वाळीत टाकले, आणि त्यांस घरात घेतील तर कुटुंबासही वाळीत टाकू असे बजाविले. पाऊल अण्णांनी उचलले, परंतु त्याचा चटका आईला व भावालाही बसला. सुधारणेची किंमत सुधारकाच्या घराने भरावी, हा प्रकार असा पहिल्याच दिवसापासून सुरू झाला.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला व पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेण्यात आला. अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. ते काम आटोपले म्हणजे चार मैल चालून, पावसाळ्यात चिखल तुडवीत, आश्रमास लागणारे सामान घेऊन ते हिंगण्यास जात. हे चित्र आम्ही सर्वांनी वाचनपुस्तकांतून पाहिले आहे व आमच्या मुलांपुढेही ठेवतो. त्या वेळी घरी काय चालले होते, हे मात्र त्या पुस्तकांत सहसा नसते. बाया ओढाताणीने संसार चालवीत होत्या, मुले वाढवीत होत्या. स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे म्हणून त्या नागपुरास जाऊन सुईणीचे काम शिकल्या. आणि अण्णांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीदेखील आश्रमास देऊन टाकली, तेव्हा त्यांस अतिशय दुःख झाले. नवऱ्याच्या मागे आधाराला म्हणून जे एक राहिले होते, तेही गेले.

येथे आम्ही आमचे मत स्पष्ट सांगतो. अण्णांच्या थोरवीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरी ती पॉलिसी देताना त्यांनी जे दिले ते सर्वस्वी त्यांचे नव्हते. विमा हा मागे राहणाऱ्यांसाठी असतो. कोणी म्हणेल की, बाया शिकलेल्या होत्या, मुले हुशार होती, ती उपाशी मरती ना. ते तसेच झाले. मुलगे आपापल्या परीने नावारूपास आले, आणि धाकटे भास्कर व त्यांच्या पत्नी कावेरीबाई ह्यांनी तर हिंगण्याच्याच कामास वाहून घेतले. पण परिणाम चांगला झाला म्हणून न विचारता घेतलेले विचारून घेतल्यासारखे होत नाही. अण्णांच्या बाजूने मात्र एक गोष्ट बोलली पाहिजे. ते घरास एक व बाहेर एक सांगत नसत, आणि घरास जे कमी पडे त्यातील सर्वांत कमी वाटा स्वतःस घेत. जो सेवक बाहेर मेजवान्या झोडतो व घरी काटकसर शिकवितो, त्याने अण्णांचे नाव पुढे करू नये. असे सेवक आमच्या पाहण्यात आहेत.

आणखी एक. बाया केवळ सोसणाऱ्या नव्हत्या. विधवांच्या कामासाठी त्यांनी स्वतः झोळी घेऊन वर्गणी गोळा केली. भांडल्याही, आणि काम करीतही राहिल्या. म्हणून त्या घरची सेवा एका माणसाची नव्हती, ती दोघांची होती. मात्र महर्षी ही पदवी एकासच मिळाली. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले व त्यासाठी पुण्यात दारोदार फिरले. शाळेवाचून राहिलेल्या खेड्यांची स्थिती काय असते हे आम्हां नवापूरकरांस सांगावयास नको. त्या फिरण्याच्या मागेही चूल पेटविणारे कोणी तरी होतेच.

ह्यावरून आमचे म्हणणे असे की, प्रश्न सेवा करणाऱ्यापुरता नाही; सेवा घेणाऱ्यांचाही आहे. एखाद्याने तीस वर्षे गावासाठी झिजावे, गावाने त्याच्या मातीला गर्दी करावी, हारांचा ढीग घालावा, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या विधवेचे शेत नांगरायला बैल मिळू नयेत, हे आम्ही पाहिले आहे. ज्या घराने न बोलता दिले, त्याचे गावावर ऋण आहे. स्तुतीने ते फिटत नाही. स्तुती मृताची होते, ऋण जिवंतांचे असते. त्या घरची मुले शाळेत टिकतात की ऊसतोडीला गुजरातेत जातात, ह्याची चौकशी करणे हे स्मरणसभेइतकेच गावाचे काम आहे. आणि स्मरणसभा करणेच असेल तर आधी घरच्या बाईस बोलू द्यावे. ती कदाचित रडेल, कदाचित तक्रारही करील. तक्रार ऐकून घेण्याची तयारी नसेल तर ज्यास आपण कुटुंबवत्सल म्हणतो त्याच्या कुटुंबाची आपल्यास ओळखच नाही असे होईल.

बायांनी हे बोलण्यास सभेची वाट पाहिली नाही. त्यांचे आत्मचरित्र ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. ते सिद्ध करण्याचे काम त्यांच्या सूनबाई कावेरीबाईंनी केले. त्यात संसाराची ओढाताण आडपडदा न ठेवता सांगितली आहे. पुस्तक निघाले तेव्हा अण्णा शहाऐंशी वर्षांचे होते व घरातच होते.