तमोगुणाच्या बाजूने

सत्त्व, रज आणि तम यांतल्या तमाची बाजू आपल्याकडे कुणी घेत नाही. कीर्तनात तम म्हणजे आळस, झोप, शिळंपाकं अन्न. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही तो माणसाला खाली नेणारा. मी नोकरीची सगळी वर्षं इंजिनांच्या टेस्ट सेलमध्ये काढली. तिथे ज्याचा पगार घेत होतो त्यातलं अर्धंअधिक काम तमाचंच होतं, असं आता सांख्यकारिका वाचायला बसल्यावर वाटतं. निमित्त झालं भाच्याच्या चिपचं.

भाचा योकोहामाला असतो. त्याने १९९० सालची निस्सान स्कायलाइन जीटी-आर घेतली आहे, आर-३२. एका रांगेत सहा सिलिंडर, २५६८ सीसी, दोन टर्बो. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात ही गाडी २९ शर्यतींत उतरली आणि २९ जिंकली. अशी गाडी दारात आल्यावर माणूस स्वस्थ बसत नाही, हे मला समजतं. आता त्याला तिच्या कॉम्प्युटरमधली चिप बदलायची आहे. फोनवर म्हणाला, "मामा, ताकद बाहेरून आणायचीच नाहीये. ती इंजिनात आहेच. कंपनीने दाबून ठेवलीय, आपण फक्त मोकळी करायची."

चिप विकणारे सगळे हेच सांगतात. गंमत अशी की या एका वाक्यात सांख्यांचा अख्खा सत्कार्यवाद आहे: कार्य कारणात आधीपासूनच असतं, नव्याने उपजत नाही. सांख्यकारिका लिहिणाऱ्या ईश्वरकृष्णाने नवव्या कारिकेत याची पाच कारणं दिली आहेत. त्यांतलं एक असं, की ज्याच्या अंगी जे करायची शक्ती आहे त्याच्याकडूनच ते घडतं. हे पटायला मला वेळ लागला नाही. माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुतीत जगातली सर्वोत्तम चिप आणली तरी ती ठेवायची कुठे? डॅशबोर्डवर, गणपतीशेजारी.

कार्य नव्यानेच उपजतं असं मानणारा नैयायिक यावर म्हणेल, ताकद आधीच होती तर पैसे कशाचे मोजतोस? ताकद मोजणाऱ्या डायनोवर काल न दिसलेला आकडा आज दिसतो, म्हणजे तो नवा. सांख्य म्हणेल, नवा नाही, प्रकट झालेला. या गाडीपुरता तरी मी सांख्यांना कौल देतो, कारण दाबून ठेवण्याचा इतिहासच आहे. १९८८ मध्ये जपानमध्ये रस्त्यावरच्या अपघातांतले मृत्यू दहा हजारांच्या वर गेले. त्यानंतर तिथल्या कारखानदारांनी आपसांत ठरवलं की २८० अश्वशक्तीपेक्षा जास्तीचा आकडा जाहीर करायचा नाही. २००४ पर्यंत हे चाललं. वेग तर १८० किलोमीटरला कॉम्प्युटरच अडवतो. टर्बोचा दाब फार चढू नये म्हणून एका रबरी नळीत जाणूनबुजून बारीक भोकाचा तुकडा बसवलेला असतो, तो काढला की दाब वाढतो. २८० चा आकडा मात्र निव्वळ कागदी होता. अशा तमाचं मला काही कौतुक नाही.

खरी गोष्ट चिपच्या आत आहे. ही जुन्या धर्तीची चिप, पाठीवर काचेची खिडकी असलेली. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश पाडला की आतलं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा लिहिता येतं. आत असतात तक्ते. एका बाजूने इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूने भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: ठिणगी किती आधी टाकायची, पेट्रोल किती सोडायचं. नवी चिप ठिणगी थोडी आधी टाकते आणि पूर्ण भारावर पेट्रोल थोडं आवरतं घेते. ताकद वाढते ती मुख्यतः एवढ्यावरच.

मग कंपनीने ते जादा पेट्रोल का सोडलं होतं? ते पूर्ण जळावं म्हणून नव्हेच, तर सिलिंडरमधली आणि एक्झॉस्टमधली आग निवावी म्हणून. आर-३२ च्या टर्बोंमधली एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची आहेत. हलकी, म्हणून झपकन फिरतात. पण दाब आणि उष्णता वाढवत नेली की ती फुटतात, हे जपानमधल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक असतं. चाक फुटलं की टर्बो गेला.

पतंजलीच्या योगसूत्रांत चौथ्या पादाच्या सुरुवातीलाच एक शेतकरी येतो. तो पाणी हाताने वाहून नेत नाही. बांध फोडतो, पाणी आपल्या स्वभावाने पुढच्या वाफ्यात उतरतं. निमित्त कारण प्रकृतीला ढकलत नाही, फक्त आड आलेलं दूर करतं, असा मुद्दा आहे. भाच्याचा चिपवाला हाच दृष्टांत वापरू शकेल. पण आमच्या गावी रात्री दारं धरायला गेलेल्या कुणालाही विचारा: एका वाफ्याचं दार फोडलं की दुसऱ्याचं पाणी कमी होतं. बांध रिकामा उभा नसतो. त्याने काहीतरी धरलेलं असतं.

कारिकाकाराला हे माहीत होतं. बाराव्या कारिकेत तो गुणांची कामं वाटून देतो: सत्त्वाचं प्रकाश, रजाचं प्रवृत्ती, तमाचं नियमन. तिघे एकमेकांना दाबतात आणि एकमेकांच्या आधारानेच राहतात. तम जड आहे, झाकणारा आहे, हे तो पुढच्या कारिकेत सांगतो. पण हाकलून द्या म्हणत नाही. हाकलता येणारच नाही, कारण त्याच्यावाचून प्रकृतीच नाही. म्हणून "दाबून ठेवलेली ताकद" हा शब्दप्रयोग मला निम्माच खरा वाटतो. ती ताकद रिकामी पडून नव्हती. टर्बोचं चाक शाबूत ठेवण्याच्या कामाला लागलेली होती. अव्यक्त म्हणजे निकामी, ही समजूत चिपवाल्यांची आहे, सांख्यांची नव्हे.

अर्थात कारखाना हा तम अनोळखी माणसासाठी घालतो. होक्काइदोच्या थंडीतला, क्यूशूच्या उन्हाळ्यातला, एअर फिल्टर वर्षानुवर्षं न बघणारा, असे सगळे मालक धरून तो आकडे लिहितो. ज्याला आपलं इंजिन आतून माहीत आहे त्याने दार थोडं सरकवलं तर माझी हरकत नाही. तेच मी भाच्याला सांगितलं. बसव चिप. पण आधी टर्बो पोलादी चाकांचे घाल. ऑइल पंप बदल, सुरुवातीच्या गाड्यांत तो दगा देतो. इंटरकूलर बघ, ब्रेक बघ, आणि टाकीत नेहमी हाय-ऑक्टेनच भर.

त्याने बसल्या बसल्या हिशेब केला. "मामा, या सगळ्यात चिप सगळ्यात स्वस्त पडतेय."

पार्सल घरी आलंय म्हणे. टर्बोंची चौकशी चालू आहे.