सोपा आणि माजघर

आमचे घर जुन्या धाटणीचे आहे. पायऱ्या चढून आले की सोपा, त्याला लागून माजघर, पुढे स्वयंपाकघर आणि मागे परडे. परड्यात आड आहे. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नळ आटले की निम्मी गल्ली त्या आडावर येई. घागर भरताना कोणी मराठीत बोले, कोणी कन्नडमध्ये. आडाला कुलूप लावावे असे आजोबांच्या मनात कधी आले नाही. सोप्यावर कोणीही बसावे, आडावर कोणीही यावे. माजघरात मात्र बोलावल्यावाचून कोणी पाऊल टाकीत नसे. ही शिस्त कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण ती सर्वांना ठाऊक होती.

हे सारे आठवण्याचे कारण तसे चमत्कारिक आहे. घरातल्या वाय-फायचा पासवर्ड!

2020 साली शाळा बंद पडल्या आणि जूनमध्ये आम्ही घरी इंटरनेटचे कनेक्शन घेतले. मला मुलांचे तास घ्यायचे होते, मुलाचे पुण्यातले ऑफिस घरात आले होते. राउटर सोप्यावरच्या खिडकीशी बसवला. दोन घरे सोडून राहणारी एक मुलगी तेव्हा कन्नड माध्यमात शिकत होती. त्यांच्या घरात मोबाईल एकच, तोही वडिलांचा, आणि त्यातला डेटा दुपारपर्यंत संपायचा. एके दिवशी आमच्या सौ. तिला म्हणाल्या, "अगं, पायरीवर बस की इथं. आमचं नेट लाव." ती बसू लागली. मग तिच्या मैत्रिणी आल्या, कोणाचा भाऊ आला. दिवाळीपर्यंत पायऱ्यांवर पाच-सहा डोकी दिसू लागली. खोटे कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता. आजोबांचा आड पुन्हा वाहता झाल्यासारखे वाटे.

पण घरात कुरकुर सुरू झाली. "बाबा, स्पीडच येत नाही." पैसे 100 एमबीपीएसचे भरत होतो आणि हाती जेमतेम 20 पडत होते. कनेक्शन देणारा गृहस्थ म्हणाला, "सर, पासवर्डच काढून टाका. कुलूप-किल्लीत वेळ जातो." मला ते पटले. वेग हवा तर सुरक्षितता थोडी सोडावी लागणार, हे आपल्याला उपजतच खरे वाटते. घाईत असलेला माणूस दाराला कडी लावीत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी या क्षेत्रात आहे. त्याला फोन केला तर तो हसलाच. म्हणाला, "सर, तुमचे कुलूप जड नाही, जुने आहे." वाय-फायचे पहिले कुलूप, डब्ल्यूईपी, 1997 सालचे. 2001 मध्येच ते कसे फुटते हे जगाला कळले. 2003 मध्ये डब्ल्यूपीए आले, 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2, 2018 मध्ये डब्ल्यूपीए-3. घरातला एक जुना लॅपटॉप चालावा म्हणून आमचा राउटर जुन्या पद्धतीवर, टीकेआयपीवर, ठेवलेला होता. गंमत अशी की नव्या वाय-फायच्या नियमांतच असे आहे की जुने कुलूप लावाल तर नवा वेग मिळणार नाही. गाडी 54 एमबीपीएसवर अडते, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही पदरात पडत नाही. नवे कुलूप उघडण्या-लावण्याचे काम यंत्रातली चिपच करते, त्यात वेळ जवळजवळ जात नाही. लॅपटॉप निवृत्त केला, कुलूप बदलले आणि वेग वाढला. सुरक्षितता आणि वेग यांचे वैर मी मनाशी धरले होते, ते निदान इथे तरी नव्हते.

त्याच फोनमध्ये त्याने राउटरवरचे बटण आणि आठ आकडी पिन वापरून जोडायची सोयही बंद करायला लावली. मी गणिताचा माणूस, म्हणून ही हकिकत सांगतोच. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे आपण धरतो. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणजे उरल्या एक कोटी. त्यात राउटर आधी पहिले चार आकडे बरोबर की चूक ते सांगतो आणि मग पुढचे तीन. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, फक्त 11,000 प्रयत्न! 2011 मध्ये हे उघड झाले. दहावीच्या मुलालाही करता येईल असे हे गणित, आणि लाखो घरांच्या दारांवर ते कुलूप म्हणून लटकत होते.

तरी वेगाचा प्रश्न पुरता सुटला नाही, कारण त्याचे दुसरे कारण पायरीवर बसले होते. वाय-फाय म्हणजे एक वर्ग आहे. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. राउटरजवळ बसलेला झटकन बोलून मोकळा होतो. भिंतीपलीकडे, दूर बसलेल्याचा आवाज क्षीण. त्याला तेवढेच वाक्य सावकाश बोलावे लागते आणि तोवर सारा वर्ग खोळंबतो. म्हणजे जो सर्वांत दूर आहे तोच सर्वांचा सर्वांत जास्त वेळ घेतो. तीस वर्षे वर्गावर उभे राहिलेल्या माणसाला हे नवे नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाला उभे केले की हुशार मुले चुळबुळ करतात. म्हणून त्याला वाचायलाच सांगायचे नाही, असे करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. घरच्यांना मी हेच सांगितले आणि वेगाची तक्रार तिथे थांबली. मी मनातून जरा फुशारलोही.

2021 च्या जूनमध्ये एका सकाळी पोलीस दारात आला. बनावट खात्यावरून कोणीतरी शेजारच्या वस्तीतल्या एका कुटुंबाला मराठीतून घाणेरडा मजकूर पाठवला होता, त्यांच्या भाषेवरून, जातीवरून. तो कुठून निघाला याचा माग काढत ते आमच्या घरापाशी आले होते. कनेक्शन कोणाच्या नावावर? माझ्या. मराठी शाळेच्या हेडमास्तरच्या! सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. पासवर्ड हातोहाती कुठवर गेला होता ते कळले, गल्लीतलाच एक पोरगा निघाला, रडला, माफी मागितली, प्रकरण समजुतीने मिटले. पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. ज्या कन्नड शेजाऱ्यांच्या लग्नात मी पंगतीला वाढले, ते माझ्याकडे पाहून क्षणभर थांबत होते.

तेव्हा मला आडात आणि राउटरात फरक कळला. आडाचे पाणी नेणारा त्या पाण्याने काय करतो, त्यावर माझे नाव लिहिलेले नसते. इंटरनेटवर मात्र घरातून जे जे बाहेर पडते ते माझ्या पत्त्याने पडते. मी पाणी वाटत नव्हतो, सही केलेले कोरे कागद वाटत होतो.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि ती मांडणारा माणूस लहान नाही. सुरक्षातज्ज्ञ म्हणून जगभर मानले जाणारे ब्रूस श्नायर यांनी 2008 च्या जानेवारीत लेख लिहून सांगितले की मी माझे घरचे वाय-फाय उघडे ठेवतो. पाहुण्याला चहा देण्याइतकीच ती साधी माणुसकी आहे. स्वतःचे संगणक नीट राखले म्हणजे झाले, हा त्यांचा युक्तिवाद. त्याच वर्षी 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि जबाबदारी घेणारा ई-मेल ज्या उघड्या वाय-फायवरून गेला ते नवी मुंबईतल्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरचे होते. कटाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा मागे लागायचा तो लागलाच. श्नायर चूक ठरले असे मी म्हणत नाही. उघड्या दारातून येणारे बहुतेक लोक पाणीच न्यायला येतात, हे मी माझ्या पायरीवर पाहिले आहे. पण चहाच्या कपावर यजमानाची सही नसते, एवढे त्यांच्या उपमेत राहून गेले.

हे सगळे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. त्या दिवशी मात्र मी घाबरलो होतो. पोलीस गेल्यावर तासाभरात पासवर्ड बदलला आणि कोणालाही सांगायचा नाही अशी घरात ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी नेहमीप्रमाणे पायरीवर येऊन बसली. आता ती दहावीत होती, जुलैमध्ये परीक्षा. थोडा वेळ मोबाईल वर-खाली करून पाहिला आणि मग दारातून विचारले, "नेट इल्लेन्री, काकू?" सौ. माझ्याकडे पाहू लागल्या. मी खिडकीआड चहा पीत होतो. हळूच म्हणालो, "बिघडलंय म्हणून सांग."

ज्या पोराने घाण केली त्याच्या मोबाईलमध्ये कंपनीचे भरपूर नेट होते. बंद दाराची झळ त्याला लागलीच नाही. लागली ती जिच्यासाठी दार उघडले होते तिला. चार दिवस ती येऊन बसे, वाट पाही आणि उठून जाई. शाळेत चोवीस वर्षे 'खरे बोला' म्हणून फळ्यावर लिहिणारा मी, चार दिवस बाहेर आलो नाही.

पाचव्या दिवशी त्या विद्यार्थ्याला पुन्हा फोन केला. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढता येते, हे तेव्हा कळले. त्याला नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. त्यावर येणाऱ्याला आमचे संगणक, छपाईयंत्र काही दिसत नाही. वेगाला मर्यादा घालता येते, रात्री दहाला बंद करता येते. मला एकदम घराचा नकाशा आठवला. सोपा वेगळा, माजघर वेगळे! पण त्यानेच बजावले, "सर, यातून घर सुरक्षित होते, नाव नाही. बाहेर पत्ता तुमचाच जातो." म्हणजे धोका उरतोच. यंत्राने सोडवायचा भाग यंत्राने सोडवला, उरलेला माझ्याकडे आला. कोणाला द्यायचे ते मी पाहून ठरवू लागलो. अनोळखी गरजूला यात जागा नाही, हे मला कळते. आजोबांनी आडावर आलेल्या कोणाला नाव विचारले नव्हते.

पहिल्या तारखेला पासवर्ड बदलतो आणि चिठ्ठीवर लिहून ज्याला द्यायचा त्याच्या हातात देतो. पहिली चिठ्ठी तिला दिली. 2021 ची दहावीची परीक्षा दोनच दिवसांची, पर्यायी प्रश्नांची होती. ती चांगल्या गुणांनी पास झाली, पेढे घेऊन आली. "तुमच्या नेटमुळे, सर," म्हणाली. आता ती डिग्री कॉलेजात जाते, घरी त्यांचे स्वतःचे कनेक्शन आहे. मध्यंतरी तिचे वडील विचारायला आले होते, शेजारची मुले पासवर्ड मागतात, देऊ का? मी त्यांना पाहुण्यांचे जाळे काढून दिले. ती शेजारी उभी राहून बघत होती. मध्येच म्हणाली, "सर, तेव्हा ते चार दिवस तुमचं काय बिघडलं होतं?"

मी म्हणालो, "राउटर."