चार कुलपांची पेटी

बँकेत सत्तावीस वर्षं मी कॅशियर होतो. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी मॅनेजरसाहेबांकडे. निवृत्तीनंतर नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीनं मला खजिनदार केलं, तेव्हा ती सवय मी तिथंही नेली. उपासना संपली की अर्पणाच्या थैल्या टेबलावर उलट्या करायच्या आणि तिघांनी मिळून मोजायचं. मंडळीतल्या एका वयस्कर बाईंना ते खटकलं. ‘‘भाऊ, देवाच्या घरात एवढा अविश्वास? पहिल्या मंडळीत तर सगळं समाईक होतं!’’

बाईंचं चुकत नव्हतं. ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडलं की यरुशलेमची ती मंडळी दिसते: एकत्र भाकर मोडणारी, जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवणारी. कुप्र बेटावरचा बर्णबा शेत विकतो. पण मी बाईंना म्हटलं, पुढं वाचत जा. पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा किमतीतला काही भाग दडवून सगळं दिल्याचा आव आणतात. पेत्राचा राग त्या खोट्यावर आहे. शेत तुझंच होतं, पैसाही तुझ्याच हाती होता, असं तो हनन्याला बजावतो. सहाव्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलल्याची कुरकुर सुरू होते आणि सात माणसं नेमावी लागतात. बाराव्यात पाहावं तर योहान मार्काच्या आईचं घर तिच्याच नावावर आहे आणि मंडळी तिथंच प्रार्थनेला जमली आहे. म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी करण्याची सक्ती नव्हती. शेजारी उपाशी असताना कोणी ‘हे माझं’ म्हणत नव्हतं, एवढंच.

मी लूथरन नाही, पण हे अध्याय मला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरमुळे उलगडले. 1519मध्ये प्रभुभोजनावर लिहिताना तो आठवण करून देतो की पूर्वी लोक उपासनेला धान्य, वस्तू घेऊन येत आणि त्या गरजूंना वाटल्या जात. मिस्सामधला ‘कलेक्टा’, म्हणजे गोळा केलेलं, हा शब्द त्याचीच खूण. भाकर घ्यायची आणि भुकेल्याकडं पाठ फिरवायची, हे त्याला प्रभुभोजन वाटतच नाही.

मग 1523 साल. सॅक्सनीतल्या लायस्निग गावच्या मंडळीनं समाईक पेटीची नियमावली केली, लूथरनं तिला प्रस्तावना लिहिली. पेटीतून पाळकाचा पगार, शाळा, म्हातारे, अनाथ, अडलेल्या कारागिरांना कर्ज. दहा विश्वस्त: दोन सरदार, दोन नगरपरिषदेचे, तीन नागरिक, तीन शेतकरी. आणि पेटीला चार कुलपं, चार गटांकडं चार किल्ल्या.

हे वाचलं त्या दिवशी मी एकटाच हसलो. लूथरच्या मते विश्वासानं नीतिमान ठरलेला माणूस मरेपर्यंत पापीही राहतो. एकाच माणसातले हे दोघं त्या पेटीत भेटतात: एक प्रेमानं पैसे टाकतो, दुसऱ्यासाठी कुलूप लागतं. मीही एका रविवारी घाईत एकट्यानंच मोजलं होतं. पाचशेची एक नोट कमी भरली. घरी गीतांच्या पुस्तकात सापडली, पण तोवर रात्रभर मीच माझ्यावर संशय घेत होतो.

लायस्निगचं पुढं सुरळीत झालं नाही. नगरपरिषद जुन्या देणग्यांचा पैसा पेटीत द्यायला तयार होईना. लूथरला सॅक्सनीच्या राज्यकर्त्याकडं, इलेक्टरकडं, तक्रार करावी लागली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘चौथी किल्ली कुणाकडं होती म्हणालात?’’

‘‘खेड्यातल्या शेतकऱ्यांकडं.’’

हे सांगताना माझा आवाज जरा पडला. कारण दोनच वर्षांनी, 1525च्या बंडात, त्याच लूथरनं शेतकऱ्यांविरुद्ध पत्रक काढलं. बाप्तिस्म्यानं मालमत्ता समाईक होत नाही, यरुशलेमच्या लोकांनी आपलं दिलं, पिलाताचं किंवा हेरोदाचं मागितलं नाही, हा त्यातला युक्तिवाद मला आजही पटतो. पण बंडखोरांना ठार मारा असं तो राज्यकर्त्यांना सांगतो, तिथं मी पुस्तक मिटतो. द्यायचं ते स्वखुशीनं, हे खरं. पण ज्याच्याकडं द्यायला काहीच नाही, त्याच्या हातातली किल्लीही काढून घेतली तर उरलेली तीन कुलपं कुणासाठी?

आता मोजायला आम्ही चौघं बसतो. चौथ्या त्या बाई आहेत.