दारूवाल्याच्या मंचावर भीमगीत

प्रश्न आपल्यातल्याच गायकाचा आहे. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर रंगतो. उन्हाळा संपला की वडशातल्या नाटक कंपन्या थंड. मग गायकानं खायचं काय? तेव्हा निरोप येतो तो दारूवाल्याचा.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. बंदीनं दारू आटली नाही, चोरट्या दारूचे शेठ तेवढे वाढले. शेठजवळ पैसा असतो, इज्जत नसते. ती तो वाढदिवसाच्या ऑर्केस्ट्रात विकत घेतो. आज त्याच्या गाडीत हार्मोनियमची पेटी, उद्या त्याच गाडीत दुसरी पेटी. गायक बसलेलाच असतो.

पोट्टे विचारतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तिथं गातोच काऊन? बरोबर आहे. बुद्धानं उपासकाला दारू पिणंच नाही, तिचा व्यापारही वर्ज्य सांगितला. पण शिंपी शेठचे कपडे शिवतो, त्याला कोणी विचारत नाही. फरक आहे, मी मानतो. शिंपी कापड देतो. गायक बाबासाहेबांचं नाव देतो. ते नाव त्याच्या एकट्याच्या मालकीचं नाही, म्हणून त्याला मी मोकळा सोडत नाही.

पण आपण? १९५६ च्या १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात दीक्षा दिली. तिथल्याच वस्त्यांत जयंतीला मंडपवाल्याला आगाऊ रक्कम, अन् गायकाला ‘समाजाचं काम आहे, फुकट गा’. वर पावतीपुस्तकात शेठची वर्गणी! तोच पैसा पावतीवर आला की दान, गायकाच्या हातात गेला की पाप?

पुढच्या बैठकीत गायकाचं मानधन आधी लिहा. मग शेठची पावती फाडायची का, ते त्याच्यासमोर ठरवा.