खोडलेली ओळ

लिनक्समध्ये '/डेव्ह/व्हीसीएस२' नावाची एक फाइल असते. फाइल आपली म्हणायची; डिस्कवर तिचा मजकूर नसतोच. ती वाचली की दुसऱ्या टेक्स्ट कन्सोलच्या स्क्रीनवर या क्षणी जी अक्षरं आहेत, ती हाती येतात. ८० रकाने, २५ ओळी असतील तर सलग २००० अक्षरं. मालकी रूटची.

कॉलेजच्या लॅबमध्ये रूटचा पासवर्ड माझ्याकडे होता. एका रात्री, सहज म्हणून, माझ्या जागेवरून मित्राच्या मशीनवर लॉगिन केलं आणि ती फाइल वाचली. तो घरी मेल लिहीत होता, रोमन लिपीतलं मराठी: 'आई, मला इथं राहायचं नाही.' मिनिटाभरानं पुन्हा वाचली. त्या जागी होतं, 'सगळं ठीक आहे.'

अशाच फाइलीतून बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम स्क्रीन वाचतो आणि अंध माणसाच्या बोटांखाली ब्रेल उमटवतो. तेव्हा हे दारच नको, असं मला म्हणता येत नाही. मी मात्र त्या रात्री कुणासाठीही वाचत नव्हतो.

दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हे कळतं. पण ज्याचं त्यानंच खोडलेलं वाक्य? ते तर त्यानं आईलाही दिलं नव्हतं. मी त्याला चहाला नेलं, तासभर बोलतं केलं. मला कसं कळलं, ते अजून सांगितलेलं नाही.